पोटाला भरवसा हवा

अन्नाशी आपलं नातं सरळ आहे की बिनसलेलं, हे ताटाकडे बघून कळत नाही. ते कळतं जेवण झाल्यावर तासाभराने. नातं सरळ असेल, तर मघाशी काय जेवलो हे आठवायलाही माणसाला क्षणभर थांबावं लागतं. भूक लागली होती, जेवला, चव आवडली, विषय संपला. नातं बिनसलेलं असेल तर खरं रामायण हात धुतल्यावर सुरू होतं. "दुसरा तुकडा घ्यायला नको होता." "आता रात्री काही नाही." "उद्या जास्त चालू, म्हणजे भरपाई होईल." समोर काम असतं, गप्पा मारणारी माणसं असतात, आणि मनात घासांची मोजदाद चाललेली असते.

अशी माणसं स्वतःबद्दल बहुतेक वेळा एकच निष्कर्ष काढतात: आपला जिभेवर ताबा नाही. मग उपायही ठरलेला. आणखी कडक शिस्त, आणखी पदार्थ बंद, आणखी काटेकोर हिशोब. काही दिवस निभतं, मग एका संध्याकाळी सगळं कोसळतं, आणि दोष पुन्हा स्वतःच्याच माथी येतो.

मला हे निदानच उलटं वाटतं. जेवणाचा भरवसा उरला नाही, की शरीर आणि मन दोन्ही अन्नाचाच विचार करायला लागतात. भरवसा परत आला की हा विचार हळूहळू मागे सरतो. ताबा सुटणं हा रोग नाही, ते बहुधा टंचाईचं लक्षण असतं. टंचाई खरी असो नाहीतर आपणच स्वतःवर लादलेली असो, लक्षण तेच दिसतं. याचा सगळ्यात ठळक पुरावा ऐंशी वर्षांपूर्वीचा आहे.

३६ तरुण आणि निम्मं ताट

१९४४ साली दुसरं महायुद्ध चालू होतं. युरोपात असंख्य माणसं उपासमारीने खंगली होती आणि युद्ध थांबल्यावर त्यांची प्रकृती पुन्हा कशी सुधारायची, याची पक्की शास्त्रीय माहिती हाताशी नव्हती. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी त्यासाठी एक प्रयोग आखला. त्यात ३६ तरुण स्वेच्छेने सामील झाले. सद्सद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून त्यांनी हातात शस्त्र धरायला नकार दिला होता, आणि त्याऐवजी माणसांच्या उपयोगी पडेल असं काही करण्याची त्यांची तयारी होती. तब्येतीने धडधाकट आणि मनाने स्थिर आहेत हे तपासूनच त्यांची निवड झाली होती.

पहिले १२ आठवडे त्यांना पोटभर जेवण होतं, दिवसाला साधारण ३,२०० कॅलरी. पुढचे २४ आठवडे ते जवळपास निम्म्यावर आणलं: सरासरी १,५७० कॅलरी, दोन वेळांच्या जेवणात. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. हा आकडा नीट बघा. ही माणसं उपाशी ठेवलेली नव्हती. त्यांना रोज शिजवलेलं जेवण मिळत होतं. आज वजन कमी करण्यासाठी वाटल्या जाणाऱ्या कित्येक तक्त्यांमध्ये याहूनही कमी कॅलरी असतात.

सहा महिन्यांत त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं. ते अपेक्षितच होतं. पण त्यांच्या वागण्यात जे बदल होत गेले, ते मला जास्त महत्त्वाचे वाटतात. ताटातलं थोडंसं जेवण संपू नये म्हणून ते तासन्तास चिवडत बसायचे. पदार्थात पाणी घालून तो वाढवायचे. शेवटचा कण जिभेने टिपून ताट चाटून स्वच्छ करायचे. ज्यांना पूर्वी स्वयंपाकात काडीचाही रस नव्हता, ते पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री वाचत पडायचे. चहा-कॉफी इतकी वाढली की दिवसाला नऊ कपांची मर्यादा घालावी लागली. च्युइंग गमवरही बंधन आणावं लागलं. चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा आला, मैत्री आणि प्रेमातला रस गेला. काहींनी चोरून खाल्लं आणि नंतर स्वतःला बोल लावत बसले.

पुढे जेवण वाढवलं, तेव्हाही सगळं लगेच जागेवर आलं नाही. काहीजण तडस लागेपर्यंत खायचे आणि तरीही भूक भागली नाही म्हणायचे. ही अवस्था ओसरायला अनेकांना कित्येक महिने गेले. कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सगळी निरीक्षणं १९५० साली सविस्तर प्रसिद्ध केली.

दिवसभर खाण्याचेच विचार, रात्री पाककृती बघत बसणं, चोरून खाणं, खाल्ल्यावर अपराधी वाटणं, एकदा सुरू केलं की थांबता न येणं, ही यादी आज कुणी स्वतःबद्दल सांगितली तर आपण तिला कमकुवत मन म्हणू. पण प्रयोगाच्या आधी या तरुणांमध्ये यातलं काही नव्हतं. निम्म्या ताटाने ते घडवलं. दुसऱ्याच्या हातात आहाराचा तक्ता ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग आधी वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

शरीराला तुमचा हेतू कळत नाही

यामागची यंत्रणा आता बरीच उलगडली आहे. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन हे संप्रेरक शोधलं. ते शरीरातल्या चरबीच्या पेशी तयार करतात, आणि साठा किती आहे याची खबर मेंदूला देतात. साठा उतरला की लेप्टिन घटतं आणि मेंदू भूक वाढवतो. १९९९ साली जपानी संशोधकांनी घ्रेलिन शोधलं. हे मुख्यतः जठरात तयार होतं, जेवणाआधी चढतं आणि जेवणानंतर उतरतं. पोटात कावळे ओरडायला लागतात त्यात याचा मोठा वाटा असतो.

तुम्ही लग्नात नीट दिसावं म्हणून कमी खाताय, की गावात दुष्काळ पडला म्हणून, यातला फरक या यंत्रणेला कळत नाही. तिला एवढंच दिसतं की येणारं अन्न घटलंय. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन कमी केलेल्या लोकांची वर्षभरानंतर तपासणी केली, तेव्हाही भूक वाढवणारे बदल त्यांच्या रक्तात टिकून होते आणि त्यांना लागणारी भूकही आधीपेक्षा जास्तच होती. अशा माणसाला "जरा मनावर घे" म्हणणं म्हणजे त्याच्या शरीराशी एकट्याने लढायला सांगणं आहे.

नुसतं "उद्यापासून बंद" म्हटलं तरी

इथपर्यंत गोष्ट खऱ्या टंचाईची झाली. पण खाणं खरोखर कमी न करताही हा खेळ सुरू होतो. नुसता नियम केला तरी पुरतं.

एक साधा दिवस घ्या. सकाळी बिनसाखरेचा चहा, बाकी काही नाही. दुपारी थोडी उकडलेली भाजी, कारण "आजपासून नीट खायचं" ठरलंय. चार वाजता डोकं जड होतं, पण पाणी पिऊन वेळ मारून नेली जाते. सहाला घरी आल्यावर बिस्किटांचा पुडा दिसतो. एक घ्यायचं ठरतं. एकाचं दुसरं होतं, आणि नेमक्या त्या क्षणी मनात एक वाक्य येतं: "गेलंच आता, मोडलाच नियम." मग पुडा संपतो. बिस्किटं उभ्याउभ्या, घाईघाईत, अर्धी चावून गिळलेली असतात. चव कशी होती ते सांगता येणार नाही. पुडा कचऱ्यात खाली दाबून टाकला जातो आणि उद्यापासून आणखी कडक राहायची शपथ घेतली जाते.

या "गेलंच आता" वाल्या क्षणावर स्वतंत्र संशोधन आहे. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही विद्यार्थिनींना चव सांगण्याच्या निमित्ताने आइसक्रीम दिलं. त्याआधी काहींना मिल्कशेक प्यायला दिला होता, काहींना नाही. एरवी खाण्यावर फारशी बंधनं न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइसक्रीम कमी खाल्लं, म्हणजे पोटाने आपला हिशोब बरोबर केला. ज्या मुली सतत हात आखडता घेऊन खायच्या, त्यांचं उलटं झालं. मिल्कशेक पोटात गेल्यावर त्यांनी आइसक्रीम जास्त खाल्लं. पुढच्या वर्षी जॅनेट पॉलिव्ही यांच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: आधी दिलेला पदार्थ खरोखर किती जड होता यापेक्षा, तो जड होता असं खाणाऱ्याला *वाटलं* का, यावर पुढचं खाणं अवलंबून होतं. नियम मोडल्याची नुसती समजूतही बांध फोडायला पुरेशी होती.

खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी, ही म्हण इथे अगदी चपखल बसते. कडक नियमात मधली जागाच नसते. दोन बिस्किटं खाऊन थांबणं ही अगदी साधी गोष्ट आहे, पण एकही चालणार नाही असं ठरलेलं असलं की दोन काय आणि वीस काय, गुन्हा सारखाच.

त्यात भर पडते "उद्या"ची. उद्यापासून दुकानात एखादी वस्तू मिळणार नाही अशी आवई उठली की लोक गरज नसताना पिशव्या भरून नेतात. उद्यापासून गोड बंद असं ठरवलेला माणूस आज रात्री तेच करत असतो. त्याला आपण हावरट म्हणतो, पण त्याने स्वतःच जाहीर केलेल्या टंचाईसाठी तो साठा करून ठेवत असतो.

"मग मी थांबणारच नाही"

बंदी उठवा म्हटलं की पहिली भीती हीच असते. सगळं खायला मोकळीक दिली तर मी दिवसभर चॉकलेटच खात बसेन. भीती खोटी नाही. बंदी उठल्यावर सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, पूर्वी बंद असलेल्या पदार्थांकडे हात जास्त जातो. मिनेसोटातल्या तरुणांचंही तेच झालं होतं. हा काळ बघूनच अनेकजण घाबरतात, आपल्याला मोकळीक मानवतच नाही असं ठरवतात आणि पुन्हा कुलूप लावतात.

पण सवयीने आकर्षण बोथट होतं, हा शरीराचा जुना नियम आहे. २०११ साली अमेरिकेतल्या लेनर्ड एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी काही स्त्रियांना चीज घातलेली मॅकरोनी खायला बोलावलं. एका गटाला ओळीने पाच दिवस रोज, दुसऱ्याला आठवड्यातून एकदा असं पाच आठवडे. रोज खाणाऱ्यांचं प्रमाण उतरत गेलं. आठवड्याने एकदा खाणाऱ्यांचं तसं उतरलं नाही. जे कधीही मिळू शकतं, त्याचं मनावरचं ओझं कमी होतं.

यात एक मेख आहे. मोकळीक खरी हवी. "आज खाऊन घे, पण बघ हं" अशी अर्धवट परवानगी ही बंदीच असते. बरेचजण हा उपाय करून बघतात आणि फसला म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा हीच अर्धवट परवानगी आड आलेली असते: तोंडाने हो आणि मनात हिशोब चालूच.

एकाच वेळी सगळी दारं उघडायचीही गरज नाही. एक पदार्थ निवडा. भूक भागलेली असताना, निवांत वेळी, ताटलीत घेऊन, बसून खा. संपल्यावर आणखी हवं असेल तर घ्या. उद्याही मिळणार आहे हे स्वतःला सांगा आणि उद्या खरंच मिळू द्या. त्या पदार्थाभोवतीची धडधड कमी झाली की दुसरा पदार्थ.

अपराधीपणाने काय साधतं?

खाण्याबद्दल बोलताना आपण न्यायालयातली भाषा वापरतो. अमुक "वाईट", तमुक "शुद्ध". आज मी "चांगली वागले", काल "पाप केलं". केक खाल्ल्याने कुणाचं चारित्र्य बिघडत नाही आणि सॅलड खाल्ल्याने सुधारत नाही. तरीही अनेकांना वाटतं की निदान टोचणी असलेली बरी, तिने तरी पाय जमिनीवर राहतील.

न्यूझीलंडमध्ये रोलीन कायर आणि जेसिका बॉइस यांनी लोकांना विचारलं: चॉकलेट केक म्हटलं की तुमच्या मनात आधी काय येतं, अपराधी भावना की साजरं करणं? २७ टक्क्यांनी अपराधी भावना सांगितली, ७३ टक्क्यांनी साजरं करणं. २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अपराधी वाटणाऱ्यांचे आरोग्याबद्दलचे इरादे काही जास्त चांगले नव्हते, उलट खाण्यावर आपला ताबा कमी आहे असं त्यांना वाटत होतं आणि दीड वर्षात वजन टिकवून धरणं त्यांना इतरांपेक्षा कमी जमलं. यावरून टोचणीमुळेच असं झालं हे सिद्ध होत नाही. पण टोचणी कामाला येते, या समजुतीला यात कुठेही आधार सापडत नाही.

"शुद्ध" खाण्याचा ध्यास वाढत जाऊन आजारपणाच्या उंबरठ्याशी जाऊ शकतो. अमेरिकी डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ साली त्याला ऑर्थोरेक्सिया हे नाव दिलं. अधिकृत निदानांच्या यादीत ते अजून नाही, पण चित्र ओळखीचं आहे: चालणाऱ्या पदार्थांची यादी आक्रसत जाते, दुसऱ्यांकडे जेवणं बंद होतं, आणि या सगळ्याचं चारचौघांत कौतुकच होत राहतं. ते कौतुक मला फार धोक्याचं वाटतं, कारण त्यापायी मदत मागायला उशीर होतो.

सुरुवात वेळेवर जेवण्यापासून

"शरीराचं ऐका" हा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला बरोबर आहे, पण वर्षानुवर्षं भूक दाबलेल्या माणसाला तो पहिल्या दिवशी देणं अन्यायाचं आहे. त्याला भूक एकतर जाणवतच नाही, नाहीतर एकदम वणव्यासारखी जाणवते. म्हणून सुरुवात घड्याळाने करावी.

खाण्यावरचा ताबा वारंवार सुटणाऱ्या रुग्णांसाठी ऑक्सफर्डचे मनोविकारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी जी उपचारपद्धती विकसित केली, तिचा पाया ठाऊक झाला की अनेकांना आश्चर्य वाटतं. तिथे आधी "कमी खा" सांगत नाहीत. नियमित खा, असं सांगतात. दिवसाला तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, आणि दोन खाण्यांमध्ये साधारण चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. काल रात्री भरमसाट खाल्लं असलं तरी आज सकाळचं खाणं चुकवायचं नाही. हे शेवटचं पाळणं सगळ्यात कठीण जातं आणि सगळ्यात जास्त उपयोगाला तेच येतं, कारण चुकवलेल्या त्या खाण्यातूनच पुढचा भडका उडतो.

असे काही आठवडे गेले की भुकेच्या पायऱ्या वेगवेगळ्या कळायला लागतात. आधी पोटात हलकी पोकळी, मग गुरगुर, मग लक्ष न लागणं आणि चिडचिड, मग डोकं दुखणं आणि हातापायांना कापरं. शेवटच्या पायरीवर जेवायला बसलेला माणूस तुटून पडणारच, त्यात नवल नाही. मधल्या पायरीवर बसलात तर थांबणंही सोपं जातं.

थांबायचं कधी, हेही शरीर सांगतं, फक्त जरा हळू सांगतं. जठराच्या भिंती ताणल्या गेल्याची वर्दी मज्जातंतूंमार्फत मेंदूला जाते. अन्न लहान आतड्यात उतरलं की तिथून वेगळी संप्रेरकं सुटतात. हे सगळं जुळून यायला थोडा वेळ लागतो, म्हणून पाच मिनिटांत उरकलेल्या जेवणात "पुरे" ऐकू येण्याआधीच ताट रिकामं झालेलं असतं.

याशिवाय जिभेचा वेगळा हिशोब चाललेला असतो. आवडीच्या पदार्थाचे पहिले चार घास लक्ष देऊन खाऊन बघा. पहिल्या घासाला सुगंध, मऊपणा, गोडवा सगळं वेगवेगळं जाणवतं. आठव्या-दहाव्या घासापर्यंत पदार्थ तोच असतो, पण त्याची गंमत ओसरलेली असते. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१च्या सुमारास हे पद्धतशीर दाखवलं: जो पदार्थ आपण खात असतो त्याची गोडी आधी उतरते, न खाल्लेल्या पदार्थांची तशीच राहते. जेवण गळ्यापर्यंत आलं तरी शेवटच्या गोडासाठी जागा निघते ती यामुळेच. फोनमध्ये डोकं घालून खाल्लं की गंमत ओसरल्याचं लक्षातच येत नाही.

समाधान फक्त मापावर अवलंबून नसतं. २०११ साली आलिया क्रम आणि सहकाऱ्यांनी ३८० कॅलरींचा एकच मिल्कशेक लोकांना दोनदा दिला. एकदा त्यावर ६२० कॅलरींचं चंगळ पेय अशी चिठ्ठी, दुसऱ्यांदा १४० कॅलरींचं हलकं पेय अशी. चंगळ समजून प्यायल्यावर घ्रेलिन बरंच जास्त उतरलं. हलकं समजून प्यायल्यावर जवळपास हललंच नाही. अभ्यास छोटा होता, त्यावर मोठा डोलारा उभा करू नये. पण मन मारून खाल्लेलं अंगी लागत नाही असं जे म्हणतात, त्याच्याशी तो जुळतो.

दुःखात, कंटाळ्यात, ताणात खाणं याचीही फार बदनामी झाली आहे. कधीतरी मन रमवायला खाणं माणसाचंच लक्षण आहे. अडचण तेव्हा, जेव्हा मन शांत करण्याचा तो एकमेव मार्ग उरतो. अशा वेळी खाणं हिसकावून घेऊ नका, दुसरा एखादा मार्ग शेजारी उभा करा: कुणाला तरी फोन, थोडी झोप, बाहेर एक चक्कर. आणि आधी एवढं बघा की दुपारी पोटभर जेवण झालं होतं का. ताणामुळे खाल्लं असं वाटणारे अनेक प्रसंग साध्या भुकेचे निघतात.

तोल म्हणजे काय

मोकळीक म्हणजे पोषणाकडे पाठ फिरवणं, असा अर्थ काढू नये. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात बनणारे अतिप्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रिया केलेले पदार्थ दिले. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू जुळवलेले होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेलं अन्न असताना लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, आणि भरभर खात होते. म्हणजे काही अन्नापुढे "पुरे"चा आवाज क्षीण पडतो. पोटाचं ऐका एवढं म्हणून भागत नाही. पोटाला नीट बोलता येईल असं अन्न रोजच्या ताटात मुख्य असलं पाहिजे, म्हणजे भाज्या, फळं, कडधान्यं, पुरेशी प्रथिनं. पण ते ताटात भर घालून आणावं. काय काढायचं यापासून सुरुवात केली की पुन्हा तीच टंचाई, तोच फेरा.

मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, अन्नाची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांनी आखलेली पथ्यं पाळायचीच. ती चिंतेविना पाळता येतात, एवढंच त्यांच्या बाबतीत म्हणता येईल. काही औषधांमुळे भुकेची जाणीवच बदलते, तिथे घड्याळावर जास्त विसंबावं लागतं. आणि ज्या घरात पुढच्या जेवणाचीच शाश्वती नाही, तिथे यातलं काही सांगणं गैर आहे. तिथे आधी अन्न पोचलं पाहिजे.

मुलांच्या बाबतीत हे सगळं आणखी स्वच्छ दिसतं. १९९९ साली जेनिफर फिशर आणि लीअन बर्च यांनी लहान मुलांसमोर एक खाऊ पारदर्शक बरणीत बंद ठेवला आणि तसाच दुसरा खाऊ मोकळा ठेवला. मुलं बरणीतल्या खाऊबद्दलच बोलत राहिली, तोच मागत राहिली, आणि बरणी उघडल्यावर त्यांनी तोच जास्त घेतला. बालआहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची विभागणी मला सगळ्यात व्यवहार्य वाटते: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ताट संपवण्याची सक्ती आणि गोडाचं आमिष, दोन्ही यात बसत नाहीत.

एकट्याने जमत नसेल तर

आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा, तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ, खाण्यावरचा ताबा पूर्ण सुटल्यासारखं होत असेल आणि त्याचा त्रास होत असेल, तर तो ओळखलेला आजार असू शकतो. २०१३ साली अमेरिकेच्या मनोविकार निदान-पुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान मिळालं. खाल्लेलं उलटी करून काढणं, जुलाबाची औषधं घेणं, जेवण टाळत राहणं, चक्कर येणं, पाळी थांबणं, खाण्याच्या भीतीने माणसांत जाणं बंद होणं, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. हे आजार बारीक माणसांनाच होतात असं नाही. ते कोणत्याही वजनाला, कोणत्याही वयात, पुरुषांनाही होतात, आणि त्यांच्यावर उपचार आहेत.

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, किंवा थेट मनोविकारतज्ज्ञांकडे. पहिल्या भेटीत वजनापासून सुरुवात करू नका, नाहीतर बोलणं तिथेच अडकून बसतं. असं किती दिवसांपासून होतंय, दिवसाच्या कोणत्या वेळी होतं आणि त्याआधी शेवटचं जेवण कधी झालेलं असतं, हे सांगा. जमलं तर आठवडाभराच्या खाण्याच्या वेळा एका कागदावर लिहून न्या. किती खाल्लं ते लिहायची गरज नाही.